दसऱ्याच्या आधी पैसे द्या, सत्कार नंतर करा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं. तमाशा, नाटक, शाहिरी असल्या गोष्टींना लोकांच्या टॅक्समधून अनुदान द्यायचंच कशाला, ज्याच्यात दम आहे ते चालेल, नाही ते बंद पडेल, सरकारनं रस्ते करावेत, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्यावर चिडलेलो नाही. आमच्या पारावर पण हेच ऐकायला मिळतं, आणि आमच्या गावचा रस्ता बघितला तर मी पण म्हणेन की आधी तोच करा. पण कलावंत सरकारपुढं हात पसरून बसलेत आणि सरकार त्यांना पोसतंय, हे जे त्यांनी धरून चाललंय ते काही खरं नाही, आणि का नाही ते फडाचा, म्हणजे तमाशा मंडळाचा, हिशोब मांडल्याशिवाय कळायचं नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. छापताना कापा, पण आकडे कापू नका.

मी जुन्नर तालुक्यातला. हायस्कूलात मराठी शिकवायचो, आता रिटायर झालोय. आमच्या भागातल्या हंगामी फडांना वग, म्हणजे तमाशातलं मुख्य नाटक, लिहून देतो, बतावणीचे, म्हणजे वगाआधीच्या विनोदी संवादाचे, मुद्दे काढून देतो आणि कुणी सरकारी योजनेचा फॉर्म घेऊन आलं तर तोही भरून देतो. हल्ली वगापेक्षा फॉर्मच जास्त लिहिले जातात.

तर बघा, फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि बुद्ध पौर्णिमेच्या आसपास हंगाम आटपतो. मधल्या पावसाळ्यात कमाई शून्य. ढोलकीवाला, हलगीवाला, पेटीवाला, सोंगाड्या, सरदार, नाचणाऱ्या बाया, मागून सूर ओढणारे झिलकरी, तंबू ठोकणारे बिगारी, ड्रायव्हर, आचारी, मोठ्या तंबूच्या फडात अशी शंभरावर माणसं असतात, आणि पावसाळ्यात ही सगळी कुणी खुरपायला, कुणी बांधकामावर, कुणी बँडमध्ये अशी पांगलेली असतात. गणपती बसले की फडमालक त्यांना परत गोळा करायला लागतो आणि तेव्हा प्रत्येकाला उचल द्यावी लागते. उचल म्हणजे हंगामाचा ॲडव्हान्स, त्यातून मागचं किराणाचं देणं, पोरांची फी, म्हातारीचं औषधपाणी भागतं. उचल मिळाली नाही की माणूस दुसऱ्या फडात गेलाच म्हणून समजा. आता ही उचल द्यायला मालकाकडं पैसा कुठून यायचा, त्यानं चार महिने एक खेळ लावलेला नसतो. बँक दारात उभं करत नाही, कारण तारण काय देणार, जुना ट्रक आणि ठिगळाची कनात. मग राहिला सावकार. व्याजाचा दर मी इथं लिहीत नाही, ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. म्हणजे दसऱ्याला नारळ फोडून गाड्या बाहेर पडतात तेव्हाच फड कर्जात असतो आणि पुढचे सात महिने लोकांना हसवून ते कर्ज फेडायचं असतं. एवढं करून मे महिन्यात हातात चार पैसे राहिले तर नशीब.

ज्यांना वाटतं की तमाशाला गिऱ्हाईकच राहिलं नाही त्यांनी गुढीपाडव्याच्या सुमाराला एकदा आमच्या नारायणगावात यावं. फडाफडाच्या राहुट्या लागलेल्या असतात, दारावर बोर्ड, आत गादी, एक टेबल, भिंतीला कालनिर्णय आणि टेबलावर जाडजूड वही. गावोगावच्या यात्रा कमिट्या जीपा भरून येतात. अमुक तारीख मोकळी आहे का, बाया किती, वग कुठला, मागच्या साली तुमच्या सोंगाड्यानं आमच्या सरपंचाची फार काढली, यंदा जरा आवरा, अशी बोलणी चालतात. मालक डिझेलचा भाव सांगतो. कमिटीवाला म्हणतो, "अहो मालक, शेजारच्या गावानं ऑर्केस्ट्रा ठरवलाय, पोरं तेच मागत्यात, तुम्ही जरा खाली या की." चहा होतो, पुन्हा घासाघीस, मग सुपारी, म्हणजे खेळाची रक्कम, ठरते, इसार म्हणून आगाऊ पैसे दिले जातात, पावती फाडतात. मंत्री नाही, फाईल नाही, गाव स्वतःच्या वर्गणीतून पैसे मोजतं. आमच्या त्या वाचक मित्राला जो बाजार पाहिजे तो हाच, आणि तो भरतो अजून. पण गंमत अशी की चैत्रातल्या त्याच आठ-दहा तिथ्या सगळ्या गावांना पाहिजे असतात, एका रात्रीत फड एकाच गावात नाचणार, बाकीच्या तारखा मोकळ्या जातात, आणि त्यात एक अवकाळी आला की तीही सुपारी बुडाली.

बरं, खेळ लागला तरी पूर्ण होतो का? लाउडस्पीकर रात्री १० नंतर बंद, नियम २००० सालचा आहे आणि त्यामागचं कारणही मला मान्य आहे, आजारी माणसं असतात, परीक्षेची पोरं असतात. पण तमाशाची घडण बघा. गावात पालखी होते, जेवणं होतात, माणसं मोकळी होईपर्यंत साडेआठ-नऊ वाजतात. गण झाला, गवळण झाली, बतावणीला जरा कुठं हशा यायला लागला की खाली पोलीस काठी घेऊन उभे. वग राहिलाच. पूर्वी वग पहाटेपर्यंत चालायचा. मी लिहिलेल्या वगांचा दुसरा निम्मा भाग कित्येक गावांनी पाहिलेलाच नाही, आणि मग हेच लोक म्हणतात की तमाशात आता नुसती सिनेमाची गाणी राहिलीत. अहो दीड तासात दुसरं काय बसणार! सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी वर्षाला १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट द्यायची तरतूद त्याच नियमात आहे, पण ते दिवस बहुतेक गणपती, नवरात्र, ३१ डिसेंबर असल्यातच संपतात, चैत्रातल्या खेड्याच्या यात्रेला त्यातलं काही उरत नाही. २०२४ ला तर ऐन यात्रांच्या हंगामात लोकसभेची आचारसंहिता होती, त्या साली परवानगीचे कागद गोळा करता करताच फडमालक टेकीला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा, म्हणजे नुसत्या गाण्या-नाचाचा, कार्यक्रम असतो आणि दुपारी कुस्त्या, म्हणून निदान हजेरीत तरी दोन लावण्या नीट होतात.

आता सरकार पैसा देतं का, तर देतं, आणि तिथंच माझं खरं म्हणणं आहे. मराठी सिनेमाला राज्य सरकारनं अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख अनुदान ठेवलंय, त्याबद्दल आमची पोटदुखी नाही, सिनेमा पण जगला पाहिजे. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, तेव्हा कलावंत रस्त्यावर उभं राहून रडले आणि सरकारनं ते परत बांधायला कोट्यवधी जाहीर केले, ते केलेच पाहिजेत, शाहू महाराजांनी उभी केलेली वास्तू ती. जिल्ह्याजिल्ह्यात महोत्सव होतात, एलईडी स्क्रीन लागतात, पाहुण्यांना शाली दिल्या जातात. म्हणजे पैसा नाही असं कुणी म्हणू नये. पैसा आहे, पण तो इमारतीला आहे, इव्हेंटला आहे, पुरस्काराला आहे. जो माणूस आज काम करतोय त्याला काम करता करता मिळेल असा फार थोडा आहे.

तमाशातल्या नामवंत कलावंत विठाबाई नारायणगावकरांचंच घ्या, आमच्या गावच्या म्हणून सांगतो. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. पोटुशी असताना बोर्डावर, म्हणजे स्टेजवर, नाचल्या, आत जाऊन बाळंत झाल्या आणि परत नाचायला उभ्या राहिल्या ही गोष्ट अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे, लोक अभिमानानं सांगतात. मला त्यात अभिमानाचं काय ते कधी कळलं नाही, त्या बाईला त्या रात्री सुट्टी घ्यायची सोय नव्हती एवढाच त्याचा अर्थ. २००२ साली त्या गेल्या तेव्हा शेवटच्या आजारपणातलं हॉस्पिटलचं बिल लोकांच्या मदतीतून भागलं. आणि २००६ पासून सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. लावण्या लिहिणारे शाहीर पठ्ठे बापूराव १९४५ ला पुण्यात हलाखीत गेले, आज त्यांच्या नावानं पण कार्यक्रम होतात. माणूस मेल्यावर आपण फार दिलदार असतो.

म्हातारपणाचं, म्हणजे ५० वर्षं पूर्ण झालेल्या कलावंताला, सरकारी मानधन आहे, ते नाकारत नाही. ही योजना १९५४-५५ पासूनची, आधी अ, ब, क अशा श्रेणी होत्या, २०२४ पासून सगळ्यांना सरसकट महिना ५,००० रुपये केले आणि राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं, हा निर्णय चांगलाच झाला आणि ज्यांनी तो घेतला त्यांना मी दुवा देतो. पण एका जिल्ह्याला वर्षाला नवीन १०० च माणसं घेतात, आणि त्या १०० मध्ये साहित्यिक आले, कीर्तनकार आले, भजनी आले, वासुदेव, गोंधळी, नाटकवाले, तमाशावाले सगळे आले. त्यात पुरावा मागतात. आमच्याकडं एक ढोलकीवाले काका येतात, त्यांच्या बोटांना पडलेले घट्टे बघितले तर कुणालाही कळेल की या माणसानं आयुष्यभर काय केलं, पण फॉर्मला पाहिजे कात्रण, फोटो, प्रमाणपत्र. हँडबिलावर नाव मालकाचं, फोटो नाचणाऱ्या बाईचा, ढोलकीवाल्याचं नाव माईकवरून एकदा घेतात तेवढंच. बरं ज्या मालकाकडं उमेद गेली तो मालक वारला, फड मोडला, मग प्रमाणपत्र देणार कोण? बायकांचं तर अजून अवघड. आधारवर पत्ता एकीकडं, राहणं तिसरीकडं, तलाठी म्हणतो उत्पन्नाचा दाखला तुमच्या गावातून आणा, आणि गाव कुठलं म्हणून विचारलं की त्या बाईला सात महिने ट्रकमध्ये गेलेल्या माणसाचं गाव कुठलं ते सांगता येत नाही. मग एजंट उभे राहतात. त्यांच्यावर मी काही बोलत नाही, तुमचा वार्ताहर पाठवा म्हणजे बातमी मिळेल.

आणि फडांना प्रत्यक्ष मिळणारं अनुदान? कागदावर आहे. तमाशा, कोकणातला दशावतार, विदर्भातली खडीगंमत, शाहिरी यांच्यासाठी भांडवली आणि प्रयोग अनुदानाची योजना आहे. फक्त पैसे यायचे कधी, तर मंजुरी होऊन, बिलं तपासून, बजेट येऊन. मार्चअखेरीला आलेल्या पैशातून सप्टेंबरची उचल कशी द्यायची हे मला कुणी समजावून सांगावं. तोपर्यंत सावकाराचं व्याज चढून बसलेलं असतं, म्हणजे सरकारनं दिलेलं अनुदान फडाच्या हातून थेट सावकाराच्या गल्ल्यात जातं, जनतेचा टॅक्स सावकाराला. वाचक मित्रानं यावर पत्र लिहिलं असतं तर मी त्याच्या शेजारी सही केली असती.

करोनात काय झालं ते आठवून बघा. २०२० चा पाडवा होता २५ मार्चला आणि देशभरचा लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी. राहुट्या लागल्या होत्या, इसार घेतले होते, सगळे परत द्यावे लागले. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला, आणि १४ तारखेपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध. दोन हंगाम असे ऐन तोंडावर गेले, आणि हंगामातले हे दोन महिनेच तर फडाला वर्षभर पोसतात. त्याच वर्षी मे महिन्यात तमाशातल्या नामवंत कलावंत कांताबाई सातारकर करोनानं गेल्या. सरकारनं त्या वर्षाच्या शेवटी कलावंतांना मदत जाहीर केली, एकदाच, माणशी ५,००० रुपये. नाही म्हणायला नको, ज्याला मिळाले त्याचा महिना निघाला, पण तोपर्यंत आमच्या इथल्या कितीतरी बायकांनी दागिने सोडा, पायातले घुंगरांचे चाळ सुद्धा विकले होते. चाळ विकले म्हणजे ती बाई परत येत नाही. फड मोडतो तो असा, एकदम पडत नाही.

कुणी म्हणेल पूर्व विदर्भातली झाडीपट्टी बघा, वडसा-देसाईगंजला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्रभर नाटक, तिकिटं फाडून चालतं, कुणाचं अनुदान नाही. खरंय. तिथले नट परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री पण मिळाली. मला झाडीपट्टीचं कौतुकच आहे. पण तिथं अजून रात्र उरली आहे, सासरी गेलेली लेक नाटकाला म्हणून माहेरी येते, पाहुण्यांनी घर भरतं, म्हणून ते चालतं. जिथं ती रात्रच १० वाजता मिटली तिथं तोच नियम लावून कसं चालेल?

एक शंका मला स्वतःलाच आहे आणि ती लपवत नाही. सरकारचा पैसा घेतला तर बतावणीत सरकारची टिंगल करायची कशी? स्वातंत्र्यानंतर तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या सरकारनं तमाशावर बंदीच आणली होती, नंतर ती उठवली पण वगाची वही तपासून घ्या म्हणाले, म्हणजे सरकारला तमाशा आवडतो तो सभ्य करून. आजही योजनांच्या प्रचारासाठी कलापथकं घेतात, हागणदारीमुक्तीपासून गुटख्यापर्यंत आम्ही सगळ्यावर पथनाट्यं केली, मी स्वतः लिहिली, त्यातल्या एका कार्यालयाकडून बिदागी यायला इतका उशीर झाला की लिहिलेली योजनाच तोपर्यंत बंद पडली. म्हणून माझं म्हणणं असं आहे की संहिता बघून पैसे देऊच नका. खेळ मोजा. ज्या गावात खेळ झाला त्या ग्रामपंचायतीचा दाखला आणि यात्रा कमिटीची पावती एवढं पुरे, सोंगाड्या मुख्यमंत्र्यांची नक्कल करो नाहीतर माझी. आणि निवड समितीवर नट, गायक, प्राध्यापक असतात तशी एखादी बोर्डावर नाचलेली बाई आणि एखादा फडमालक पण बसू द्या, त्यांना कुठला फड खरा आणि कुठला नुसता लेटरहेडवर आहे ते पाच मिनिटात कळतं.

पश्चिम बंगालनं २०१४ पासून लोकप्रसार प्रकल्प म्हणून योजना काढली. नोंदणी केलेल्या लोककलावंताला, तो म्हातारा झालेला नसला तरी, महिन्याला १,००० रुपये आणि सरकारी कार्यक्रम केला तर त्याचे वेगळे. १,००० म्हणजे काही फार नव्हेत, आणि त्यात राजकारण आहेच, सरकारचंच गुणगान गाऊन घेतात असा आक्षेप तिथंही आहे. पण एक गोष्ट त्यांनी ओळखली की कलावंत काम करत असतानाच गरीब असतो, ५० वर्षं पूर्ण व्हायची वाट बघत बसायची गरज नाही. आपल्याकडं २०१० ला आ. ह. साळुंखे सरांच्या समितीनं सांस्कृतिक धोरण केलं, २०२४ ला विनय सहस्रबुद्धे समितीचं नवीन आलं. धोरणात वाचायला कमी पडत नाही, शब्द छान आहेत.

मागायचं म्हणाल तर फार नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे उचल वाटायच्या आत, फडांना बिनव्याजी किंवा अगदी थोड्या व्याजाचं खेळतं भांडवल जिल्हा बँकेतून द्या, सरकारनं हमी घ्यावी आणि पैसे बुद्ध पौर्णिमेनंतर वसूल करावेत, आमचे लोक बुडवणार नाहीत, सावकाराचं बुडवत नाहीत तर बँकेचं काय बुडवणार. प्रयोग अनुदान खेळ झाल्यावर दोन महिन्यात खात्यात. फडातल्या प्रत्येक माणसाला, बिगाऱ्याला सुद्धा, फोटो असलेलं ओळखपत्र, त्यावर दर हंगामाची नोंद, म्हणजे ५० व्या वर्षी कात्रणं शोधत फिरायला नको. ट्रक उलटला, बोर्डावर शॉक बसला तर विमा. आणि यात्रेच्या दोन रात्री १२ पर्यंत सूट, याला तर एक रुपया लागत नाही, फक्त कलेक्टर साहेबांची सही लागते.

आमच्याकडची काही मंडळी हे सगळं निवेदनात लिहून दिवाळीच्या आत पुण्याला जाणार आहेत. निवेदनावर शिक्का मारून पोच मिळेल, त्याचा अनुभव आहे. म्हणून तुमच्या पेपरला एकच विनंती, गेल्या तीन वर्षांत कुठल्या फडाला प्रयोग अनुदान किती मंजूर झालं आणि ते कुठल्या तारखेला खात्यात पडलं, ही यादी माहिती अधिकारात मागवून जशीच्या तशी छापा. रक्कम आणि तारीख शेजारी शेजारी.

आपला,
एक वगलेखक
ता. जुन्नर, जि. पुणे